एकेरी

"पडदा ओढ, शालन, पडदा!"

मी दोरी खेचली. बोटीच्या कडेची निळी ताडपत्री वर सरकली आणि समोरून येणाऱ्या बोटीची लाट तिच्यावर धाडकन आपटली. तरी चार थेंब आत आलेच. काळं, तेलकट पाणी. ह्यांनी चष्मा काढला, माझ्या ओढणीला पुसला, पुन्हा नाकावर ठेवला आणि हसले.

"ही पूर्व," हे म्हणाले. "बोट नाकासमोर पूर्वेला चाललीय. पाव अंश इकडं नाही की तिकडं नाही."

"बरं, पूर्व."

"बरं काय? ज्यानं हा कालवा खोदला ना, त्यानं दोरी धरून खोदलाय. मी असतो तर डोळे झाकून नकाशावर सही केली असती."

ह्यांनी एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली होती. फलटण तालुक्यातल्या निम्म्या बांधांवरून ह्यांची साखळी फिरलेली. भावाभावांची भांडणं, मधे हे, हातात नकाशा आणि डोक्यावर टोपी. घरी आले की म्हणायचे, "लोकांची जमीन मोजण्यात जन्म चालला. एकदा पाठीवर पिशवी अडकवून असं जायचं, की जिथं एक गट नंबर माझ्या ओळखीचा नाही."

म्हणून आम्ही बँकॉकला आलो होतो. अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. हे एकसष्टचे, मी सत्तावन्नची. आयुष्यात पहिल्यांदा सलवार-कमीज घातली होती, पायांत पोरींसारखे बूट. जुन्या शहरातल्या एका गल्लीत दहा खाटांच्या खोलीत राहायचं, वरच्या खाटेवर हे, खालच्या खाटेवर मी. सकाळी हॉटेलातल्या फुकटच्या गरम पाण्यात चहाची पुडी बुडवायची, डब्यातली दशमी आणि चटणी खायची आणि सगळ्यांत स्वस्त जे वाहन असेल त्यात बसून निघायचं. आजूबाजूच्या खाटांवर विशीतली गोरी पोरं. ती आम्हाला बघून अंगठे वर करायची. हेही करायचे.

खरं कारण मात्र मला एकटीला ठाऊक होतं. नोव्हेंबरात पुण्याच्या डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं होतं. "आधी शब्द जातील," डॉक्टर म्हणाले, "मग वाटा, मग माणसं. किती दिवसांत, ते मला सांगता येणार नाही." मी रडले नाही. एवढंच विचारलं, की फिरायला नेलं तर चालेल का. "न्या," ते म्हणाले, "पण लवकर न्या."

पोरगा चिडला. "आई, न्यायचंच तर टूरवाल्यांबरोबर ने. बाबांना कुठल्या गर्दीत घेऊन चाललीस?" पण टूरवाल्यांबरोबर गेलं की झेंडा धरलेल्या माणसाच्या मागं चालावं लागतं. मला ह्यांच्या मागं चालायचं होतं. दहा दिवस. हे पुढं, मी मागं, आणि हे मागं वळून माझं नाव घेणार. जगातून माझं तेवढं एकच मागणं उरलं होतं.

सहा दिवस बरे गेले होते. 'बटण' आठवलं नाही, 'टॉवेल' आठवला नाही. मी पुरवत गेले. सातव्या दिवशी ह्यांना त्या कालव्याच्या शेवटपर्यंत जायचं होतं. "लांबी कळली पाहिजे," हे म्हणाले.

मधे प्रतुनाम नावाचं ठिकाण लागतं. तिथं बोट संपते. सगळ्यांनी उतरायचं आणि दहा पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीत चढायचं. बोट धक्क्याला लागते न लागते तोच माणसं उड्या टाकतात. हेल्मेट घातलेला कंडक्टर काहीतरी ओरडत होता. हे पुढं होते, पाठीवर निळी सॅक. मधे एक शाळेच्या मुलींचा घोळका घुसला. मग एक बाई, कपड्यांचं गाठोडं उराशी धरलेली. मी टाचा वर केल्या. निळी सॅक दिसत होती. निळ्या सॅकच्या मागं मागं मी चढले, खांब धरून उभी राहिले, बोट सुटली.

"अहो, बसायला जागा आहे का पुढं?"

सॅक वळली. वर पिवळी दाढी होती, विशीतलं पोरगं. माझ्याकडं बघून हसलं आणि अंगठा वर केला.

मी चेहरा बघितलाच नव्हता. सॅक बघत गेले होते.

पुढच्या धक्क्यावर उतरले आणि उलटी धावत सुटले. कालव्याकाठच्या अरुंद वाटेनं, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, कुणाच्या चुलीवरून, झोपलेल्या कुत्र्यावरून. धावताना एकेक आठवत होतं. पासपोर्ट हॉटेलच्या कपाटात. पैशांची पिशवी माझ्या गळ्यात. फोन माझ्याकडं. हॉटेलचं कार्ड मी ह्यांच्या खिशात रोज ठेवायचे, पण ते कालच्या शर्टात, आणि कालचा शर्ट खाटेच्या दांडीवर वाळत होता. फोटो सगळे ह्यांच्याच गळ्यातल्या कॅमेऱ्यात. ह्या एवढ्या शहरात हे कोण, ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे मी. आणि मीच उडून गेले होते.

धक्क्यावर हे नव्हते.

धक्क्याच्या वर पायऱ्या चढून गेलं की बाजार. कपड्यांचा, आणि केवढा! गल्लीतून गल्ली फुटते, शर्टांच्या भिंती, झग्यांची छपरं, आणि खालून माणसांचा पूर. मी त्या पुरात उभी राहून हाका मारायला लागले.

"अहो! अहो!"

पेरू कापत बसलेली एक बाई खुदकन हसली. "ओ-हो!" ती म्हणाली, आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. शेजारीणही म्हणाली, "ओ-हो!"

मी पुन्हा ओरडले. त्या पुन्हा हसल्या. कुचेष्टेचं नव्हतं हसणं. कुणाला तरी आनंद झालाय, आपणही त्यात असावं, असं.

"माताजी," मागून कुणीतरी म्हणालं, "किसको खोज रही हैं?"

डोक्यावर वेताची टोपली, टोपलीत शेंगदाण्याच्या पुड्या, खांद्यावर गमछा. पन्नाशीचा माणूस. परक्या मुलखात हिंदी ऐकली, तशी मी पायरीवर बसले.

"आमचे हे... हमारे ये... हरवलेत. खो गए."

"कौन, साहब?" त्यानं टोपली उतरवली. "घबराइए मत. हम रामसूरत हैं, देवरिया जिला. बाईस साल से यहीं मूँगफली बेचते हैं. और ये औरतें बुरी नहीं हैं, माताजी. यहाँ कुछ बढ़िया देख लें तो बोलते हैं 'ओहो'. आप बीच बाजार खड़ी होके 'ओहो, ओहो' कर रही हैं, तो इनको लगा आपको बाजार पसंद आ गया."

मी हसले असेन. दुसरं काय केलं असेल, आठवत नाही.

"उनको याद नहीं रहता," मी म्हटलं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. "विसरतात. सगळं विसरतात."

रामसूरतनं टोपली पेरूवालीकडं सरकवली, तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. तिचं हसू मावळलं. तिनं पेरूची फोड माझ्या हातात कोंबली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाजाराच्या तोंडाशी पोलिसांची काचेची चौकी होती. आत एक तरुण पोलीस, इस्त्रीचा कडक शर्ट, बोलणं मऊ. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, वही उघडली. उंची? मी हातानं दाखवली. शर्ट? पांढरा. चष्मा? हो.

"नेम?"

मी रामसूरतकडं बघितलं.

"नाम पूछ रहा है, माताजी. साहब का."

आता कसं सांगू? लिहिताना मी ते नाव शंभरदा लिहिलं असेल, रेशन कार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर. तोंडानं मात्र फक्त उखाण्यात. गृहप्रवेशाला एकदा घेतलं होतं, *बांधावरची बोर वाकली, पाखरं खाती चोरून, दिगंबररावांचं नाव घेते उंबऱ्यात पाऊल धरून.* पुढं हळदीकुंकवाला, बारशाला, भाच्याच्या लग्नात. नाव नेहमी ओळींच्या पदराआड. उघड्यावर कधी नाही.

"दिगंबर... राव," मी खाली बघत पुटपुटले.

"मिस्टर?"

"राव," मी म्हटलं. तेवढं तरी मोठ्यानं म्हणता आलं.

त्यानं लिहिलं. फोन उचलला. आणि दोनच मिनिटांत सगळ्या बाजारावरून, शर्टांच्या भिंतींवरून, मधुर आवाजातली एक बाई बोलायला लागली. काय बोलत होती कळत नव्हतं, पण दर चार शब्दांनी "मिस्टर राव, मिस्टर राव" येत होतं. मी दाराकडं डोळे लावून बसले.

आधी एक जाडजूड गृहस्थ आले, कपाळाला गंध, दोन्ही हातांत लहान मुलांच्या कपड्यांच्या पिशव्या. "यस? राव हियर. विजयवाडा." त्यांच्या मागोमाग दुसरे, उंच, घाबरलेले. "राव, वरंगल. एनी प्रॉब्लेम, सर?"

पोलिसानं आशेनं माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. ते दोघं राव एकमेकांना भेटून तेलुगूत बोलायला लागले, पत्ता विचारायला लागले, निघताना मला हात जोडून गेले. लाऊडस्पीकरवर अजून मिस्टर राव चाललंच होतं.

"माताजी," रामसूरत हळूच म्हणाला, "साहब का नाम राव है कि नहीं है?"

"नाही हो. राव म्हणजे... जैसे आप 'जी' लगाते हैं."

"हे भगवान. तो पूरा बाजार 'मिस्टर जी' को ढूँढ रहा है?" त्यानं कपाळाला हात लावला. "असली नाम क्या है?"

मी पोलिसाच्या टेबलावरचा कागद ओढला आणि नाव लिहून रामसूरतपुढं धरला. तो ओशाळला. "हम पढ़े नहीं हैं, माताजी." मग मी खाली इंग्रजी अक्षरांत लिहून कागद पोलिसाला दिला. तो अक्षरं जुळवत काहीतरी पुटपुटला, ते ह्यांना कळलं नसतं, मला कळलं नाही. लाऊडस्पीकरवरच्या बाईनं त्याहून वेगळंच काही म्हटलं. दीड तास झाला होता.

मला चौकीत बसवेना. आम्ही पुन्हा बाहेर पडलो. रामसूरत पुढं, दुकानादुकानांत विचारत, मी मागं. पाय चालत होते आणि डोक्यात, माझ्या नकळत, जात्याच्या घरघरीसारखं काहीतरी सुरू झालं होतं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली चाल. शब्द मात्र त्या बाजारातले.

*परक्या गं नगरात, माणसांचं दाट रान,*
*कुण्या झाडाला विचारू माझ्या हौशाचं ठिकाण.*

दुपार डोक्यावर आली. गल्ल्या संपल्या की पुन्हा कालवाच लागायचा. अशाच एका गल्लीतून आम्ही काठावर आलो आणि मी रामसूरतचा दंड धरला.

पलीकडच्या काठावर हे चालले होते.

पाठ माझ्याकडं. निळी सॅक नीट, दोन्ही पट्ट्यांत. एक हात मागं, मान खाली. टाच, चवडा, टाच, चवडा. पावलं मोजत होते. शिवारात साखळी संपली की मोजायचे तसंच. काठाची वाट दोन हात रुंद, तिथला कठडा मोडलेला, आणि पुढं पन्नास पावलांवर ती वाट एका पुलाखाली अंधारात शिरत होती. पूल आमच्यापासून लांब होता. तिथं पोचेपर्यंत हे पुन्हा त्या रानात गेले असते.

"अहो!"

बोट गेली. लाट दोन्ही काठांवर चढली.

"अहो, इकडं! अहो!"

टाच, चवडा. मानसुद्धा हलली नाही. आवाज पोचत होता. पलीकडं कपडे धुणाऱ्या एका बाईनं वर बघितलं. पोचत होता, पण ह्यांना तो लागत नव्हता. चौतीस वर्षं त्या एका शब्दावर हे जेवता जेवता उठले होते, झोपेतून जागे झाले होते, भांडणातून हसले होते. आता तो शब्द ह्यांच्यावरून पाण्यावरून तेल जावं तसा जात होता.

"नाम लीजिए, माताजी!" रामसूरत ओरडला. "नाम! नहीं तो गए साहब!"

पुलाची सावली दहा पावलांवर आली.

"दिगंबर!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ओळी नाहीत, राव नाही, पदर नाही.

हे थांबले. वळले. आणि तो चेहरा! असा निखळ, असा उजळलेला चेहरा मी चौतीस वर्षांत ह्यांचा पाहिला नव्हता. हात वर झाला.

"आलो गं, आई!"

सासूबाई जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

मला काही कळायच्या आत हे माझ्या दिशेनं निघाले. सरळ. मधे कालवा आहे ह्याचं काहीच नाही. काठावर येऊन ह्यांनी वाकून पँट गुडघ्यापर्यंत वर खेचली, ओढ्यात उतरताना पोरं खेचतात तशी, आणि एक पाय उचलला. खाली पुरुषभर पाणी, आणि वळणावरून बोट येत होती.

"थांब!" मी किंचाळले. "दिगंबर, थांब तिथंच! पाण्यात पाय घातलास तर बघ!"

उचललेला पाय मागं गेला.

"नाही घालत," पलीकडून आवाज आला.

"खाली बस. बस बघू. मी येईपर्यंत हलायचं नाही."

हे बसले. मांडी घालून, सॅकसकट. बोट मधून गेली तेव्हा क्षणभर दिसेनासे झाले. लाट ओसरली तर तसेच बसलेले.

मी पुलाकडं धावले. धावताना नाव घेत राहिले, सारखं, मोठ्यानं, की आवाज तुटला तर हे उठतील. एवढी वर्षं जे गिळलं होतं ते सगळं त्या पुलावर सांडत गेले. रामसूरत मागं होता. माणसं बाजूला होत होती.

जवळ पोचले तेव्हा श्वास मावत नव्हता. हे मान वर करून माझ्याकडं बघत होते.

"लांब नव्हतो गेलो," हे म्हणाले. "इथंच होतो. रागावू नकोस."

मी समोर बसले. ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्या डोळ्यांत मी होते, पण शालन कुठं दिसत नव्हती. मी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला. वाटलं, काचेवर काही असेल.

"अहो," मी म्हटलं, हळू, अगदी रोजच्यासारखं. "अहो, मी आहे."

ह्यांनी मागं वळून बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं.

"कुणाला बोलावतेस? मागं कुणी नाही."

रामसूरत धापा टाकत पोचला. "मिल गए! मिल गए साहब!" त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "पहचाना आपको, माताजी?"

"हो," मी म्हटलं. "पहचाना."

त्याला ते पटलं नसावं. तो आमच्याकडं बघत राहिला, मग गमछा डोळ्यांना लावून पाण्याकडं तोंड करून उभा राहिला.

ह्यांनी उजवा पाय माझ्यापुढं केला. बुटाची नाडी सुटून चिखलात लोळत होती.

"बांध ना गं," हे म्हणाले.

मी नाडी उचलली, ओढणीला पुसली, गाठ मारली. घट्ट, दुहेरी. वाटेनं जाणारी माणसं आमच्याभोवतून वळून जात होती. दुसऱ्या बुटाची गाठही सैल झाली होती.

"दुसरा दे," मी म्हटलं.

त्यानं दिला.